पेन टॅबलेटवर वाचता येईल असं मराठी अक्षर: कामाच्या नोंदी

८ जून

भौतिकशास्त्राची टिपणं हाताने लिहून त्यांची पीडीएफ करायची आहे. टाइप करायला हरकत नव्हती, पण दर दोन ओळींमागे एक समीकरण, मध्येच आकृती, कुठून तरी कुठे तरी जाणारा बाण. ते सगळं टाइप करण्यात जीव जातो. कागदावर लिहून फोटो काढले तर नंतर एक ओळ बदलायची सोय राहत नाही. म्हणून पेन टॅबलेट.

सामान असं: बिनपडद्याचा छोटा टॅबलेट, लिहायची जागा १५२ × ९५ मिमी, पेनात बॅटरी नाही. २४ इंची पडदा, १९२० × १०८०. घरचा संगणक लिनक्सवर, एक्स सेशनमध्ये (एक्स म्हणजे लिनक्सची पडदा आणि खिडक्या सांभाळणारी जुनी व्यवस्था). सॉफ्टवेअर झर्नल++, म्हणजे पेनाने लिहायची वही. शिवाय एक विंडोजचा लॅपटॉप, तो अधूनमधून.

पहिलं पान लिहून बघितलं. कागदावर माझं अक्षर बरं आहे. पडद्यावर उमटलं ते ना मोडी, ना बाळबोध. गोल अक्षरं चपटी, ओळ उजवीकडे चढलेली, शिरोरेषा नागमोडी, प्रत्येक कान्याच्या टोकाला बारीक शेपूट आणि अर्धे अनुस्वार गायब. अक्षर बिघडलं म्हणजे हाताला सवय नाही, असं सगळे सांगतात. सवयीचा भाग असेलही, पण या तक्रारी पाच वेगळ्या जातीच्या दिसतात. एकेक करून घेते.

९ जून

आधी हे ठरवायचं की रेघ थरथरते ती हातामुळे की यंत्रामुळे. त्यासाठी सोपी चाचणी आहे: टॅबलेटवर प्लॅस्टिकची पट्टी तिरकी ठेवायची आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढायची. पट्टीला पेन टेकलेलं असताना हात थरथरू शकत नाही. तरी रेघ लाटांसारखी आली तर दोष हाताचा नाही. रेघ तिरकीच हवी, आडव्या-उभ्या रेघेत हा दोष बऱ्याचदा लपतो. आणि पट्टी स्टीलची नको. हे टॅबलेट विद्युतचुंबकीय अनुनादावर चालतात, पेनाला ऊर्जा टॅबलेटच्याच चुंबकीय क्षेत्रातून मिळते. जवळ धातू आला की मोजमाप बिघडतं.

लाटा आल्या. टॅबलेटच्या मागे लॅपटॉपचा चार्जर पडलेला होता. तो हातभर लांब सरकवला, लाटा बऱ्याच कमी झाल्या. टॅबलेट ब्लूटूथवरून काढून केबलवर घेतला तेव्हा वेगात ओढलेल्या रेघांमधल्या अधूनमधूनच्या उड्या थांबल्या. लिहिताना केबलच लावायची, हे ठरलं.

११ जून

चपटी अक्षरं. टॅबलेटच्या जागेचं प्रमाण १६:१०, पडद्याचं १६:९. ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट आणि संगणक यांना जोडणारं सॉफ्टवेअर, मुकाट्याने पूर्ण टॅबलेट पूर्ण पडद्यावर ताणून बसवतो. म्हणजे आडव्या दिशेला १५२ मिमीचे ५३१ मिमी होतात, साडेतीन पट. उभ्या दिशेला ९५ चे २९९, म्हणजे ३.१५ पट. टॅबलेटवर ३० मिमीचं गोल झाकण ठेवून भोवती पेन फिरवलं, तर पडद्यावर १०५ मिमी रुंद आणि ९४ मिमी उंच अंडं मिळतं. ११ टक्के फरक. 'ठ' आणि 'ट' याच्यात सगळ्यात आधी बिघडतात.

उपाय: टॅबलेटची उंची कापायची. लिनक्सवर वॅकम (टॅबलेट बनवणारी कंपनी) ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'एरिया' असतो, तिथे ० ० १५२०० ९५०० होतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. शेवटचा आकडा ८५५० केला. खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी आता निरुपयोगी झाली, पण गोल गोल आला. विंडोजवर हेच 'प्रमाण कायम ठेवा' अशा अर्थाच्या एका चौकटीवर टिचकी मारून होतं. दोन पडदे जोडलेले असतील तर आधी टॅबलेट एकाच पडद्याला बांधून घ्यावा. नाहीतर तो दोन्ही पडद्यांवर पसरतो आणि अक्षर आणखी लांबट होतं.

१२ जून

आजची नोंद लांबणार, कारण माझ्या मते निम्मं अक्षर इथेच सुधारतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

प्रश्न असा: हात टॅबलेटवर १ मिमी हलला तर तयार होणाऱ्या पानावर रेघ किती मिलिमीटरची पडते? पडद्यावर ती साडेतीन मिमी पडते हे कालच कळलं. झूम १०० टक्के असेल, म्हणजे पडद्यावरचं ए-४ पान खरोखरच २१० मिमी रुंद दिसत असेल, तर पानावरही साडेतीन मिमीच. मी कागदावर साधारण ४ मिमी उंचीचं अक्षर काढते. तेवढं अक्षर या पानावर यायला हाताने जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आत 'क्ष' काढायला हवा. कोणाच्या बापाला जमेल?

दुसरी बाजूही बघा. हात ०.१ मिमी थरथरला, जे प्रत्येकाचाच थरथरतो, की पानावर ०.३५ मिमीची लाट उठते. मी वापरत होते ती बारीक पेनाची रेघ ०.३ मिमी जाड. थरथर रेघेच्या जाडीपेक्षा मोठी, म्हणून ती डोळ्यांना दिसते. कागदावरही हात तेवढाच थरथरतो, पण ती थरथर शाईच्या जाडीत मुरून जाते.

झूम २०० टक्के केला की हे प्रमाण १ ला १.७५ होतं. २५० टक्क्यांवर १ ला १.४. आणि २५० टक्क्यांवर एक योगायोग हाती लागतो: ए-४ पानाची रुंदी पडद्यावर ५२५ मिमी होते आणि पडदा आहे ५३१ मिमी. म्हणजे बाजूची पट्टी मिटवून पडदा पूर्ण घेतला की पानाची अख्खी ओळ एकदम दिसते आणि टॅबलेटच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकच ओळ बसते. त्याहून जास्त झूम केला तर प्रमाण आणखी सुधारतं, पण ओळीच्या मध्येच पान सरकवावं लागतं, आणि ते सरकवलं की पुढचा शब्द मागच्याच्या रेषेत बसत नाही.

तेव्हा २५० टक्के. यासाठी आधी झर्नल++ ला पडद्याचं खरं माप शिकवावं लागतं. पसंतींमध्ये झूमच्या पानावर एक पट्टी दाखवतात, तिच्यावर खरी मोजपट्टी धरून सरकती खूण जुळवायची. हे केल्याशिवाय १०० टक्के म्हणजे काय याला काही अर्थ नाही.

त्याच पेनाने, त्याच हाताने, फक्त झूम बदलून तोच परिच्छेद पुन्हा लिहिला. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांची वाटतात.

१५ जून

दाब. पेनाच्या खोक्यावर दाबाच्या पातळ्यांचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, ४०९६ किंवा ८१९२. चित्र काढणाऱ्याला तो उपयोगी. लिहिणाऱ्यासाठी मी दाबानुसार जाडी बदलणं बंदच केलं. शिरोरेषेच्या सुरुवातीला दाब जास्त, शेवटी कमी. त्यामुळे प्रत्येक शब्द डावीकडे जाड आणि उजवीकडे विरलेला दिसत होता. वेलांटीचं वळण मध्येच पुसट व्हायचं.

जाडी एकसारखी, झर्नल++ मधलं मध्यम पेन, १.४१ पॉइंट, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ४ मिमीच्या अक्षराला शोभतं. बारीक पेन ०.८५ पॉइंटचं असतं. ते घाताच्या अंकांसाठी आणि आकृत्यांच्या मापांसाठी ठेवलं.

१७ जून

ओळ चढते त्याचा बंदोबस्त. डोळे मिटून टॅबलेटवर हाताला आडवी वाटेल अशी रेघ ओढायची आणि मग डोळे उघडून पडद्यावर बघायचं. माझी उजवीकडे वर गेली. कागद आपण नकळत तिरका करून घेतो. टॅबलेट मात्र टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो, कारण तसा नीटनेटका दिसतो. टॅबलेटची उजवी बाजू पुढे ढकलत गेले आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून रेघ ओढली. आडवी आली तिथे टेबलावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. नंतर टॅबलेट रोज त्याच खुणांवर.

ज्यांना टॅबलेट तिरका ठेवायला जागा नाही त्यांना ओपनटॅबलेटड्रायव्हर या मुक्त ड्रायव्हरमध्ये लिहायची जागाच हव्या त्या अंशाने फिरवता येते आणि मापंही थेट मिलिमीटरमध्ये देता येतात. फक्त तो लिनक्सवर बसवताना कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आधीचा टॅबलेट मॉड्यूल बंद करावा लागतो, नाहीतर दोघं एकाच पेनासाठी भांडतात.

२० जून

आता स्टॅबिलायझर. झर्नल++ मध्ये रेघ गुळगुळीत करायची सोय आहे: एक प्रकार मागच्या काही बिंदूंची सरासरी काढतो, दुसरा वेग बघून कमी-जास्त वजन देतो, शिवाय 'डेडझोन' आणि 'इनर्शिया' असे आणखी दोन. सगळे सुरू करून बघितले. पहिल्या नजरेला अक्षर सुरेख, एखाद्या पाटीवरचं शोभावं असं.

मग एका ओळखीच्या विद्यार्थिनीला पान वाचायला दिलं. तिने 'धन प्रभार' चा 'घन प्रभार' केला. तिचं काही चुकलं नव्हतं. 'ध' च्या डोक्यावरची गाठ सपाट होऊन तो खरोखरच 'घ' झाला होता. मग मुद्दाम शोधलं तर सगळीकडे तेच: 'थ' ची गाठ गेली की 'य' उरतो, 'भ' ची वरची गाठ गेली की 'म'. 'ळ' चे दोन डोळे मिटून एक जाड डाग. 'भार' चा 'मार' झालेला बघून हसू आलं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी ते वाचलं तर हसणार नाही.

कारण सरळ आहे. या गाठी माझ्या अक्षरात टॅबलेटवर अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या. सरासरी काढणारा कोणताही उपाय लहान वळण आणि हाताची थरथर यांच्यात फरक करू शकत नाही; त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. रोमन लिपीत रेघ वाहती असते, तिथे हे खपून जातं. देवनागरीत अक्षराची ओळखच बऱ्याचदा त्या गाठीत असते.

सगळे बंद केले. नंतर ड्रायव्हरकडे वळले, कारण तिथेही एक सरासरी आधीच चालू असते हे लक्षात आलं. 'रॉ-सँपल' नावाचं सेटिंग, मूळचं ४: शेवटच्या चार नमुन्यांची, म्हणजे पेनाच्या मोजलेल्या जागांची, सरकती सरासरी. ते वाढवलं तर रेघ मऊ होते, पण पेनामागे रेंगाळते आणि कोपरे झिजतात. २ करून बघितलं. गाठी जरा उघडल्या, थरथर किंचित वाढली. झूम २५० वर असल्यामुळे ती थरथर रेघेच्या जाडीत मुरते. २ वरच ठेवलं. 'सप्रेस' हे दुसरं सेटिंग, किती लहान हालचाल दुर्लक्षित करायची ते ठरवणारं, मूळच्या २ वर आहे, त्याला हात लावला नाही.

२४ जून

अनुस्वार आणि दशांशचिन्ह. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

'संवेग' लिहायचं आणि उमटायचं 'सवेग'. इथे वाचणारा अंदाजाने टिंब भरून घेईल. पण गुरुत्व त्वरण ९.८ लिहिलं आणि पानावर ९८ दिसलं, तर अंदाज बांधायला काही जागा नाही. गणितात असं चालायचं नाही.

आधी हे बघायचं होतं की टिंब नोंदलं जातं आणि दिसत नाही, की मुळात नोंदलंच जात नाही. झर्नल++ ची .एक्सओपीपी फाइल म्हणजे जीझिपने आवळलेली साधी एक्सएमएल असते. ती उलगडून मजकूर संपादकात उघडली. प्रत्येक फटकाऱ्याची एक नोंद: अवजार, रंग, जाडी आणि मग क्ष-य, क्ष-य असे बिंदूंचे आकडे. 'ळ' ची नोंद ओळीच्या ओळी भरून, उमटलेल्या टिंबाची दोन-तीन बिंदूंची. गायब टिंबांची नोंदच नव्हती. म्हणजे पीडीएफ किंवा पडदा यांचा संबंध नाही, टिंब वाटेतच गळतंय.

वाटेत दोन चाळण्या निघाल्या.

पहिली ड्रायव्हरची. पेन टेकलं असं कधी मानायचं, त्याला 'थ्रेशोल्ड' म्हणतात. दाब २०४८ पातळ्यांवर आणून मोजला जातो आणि मूळची मर्यादा २७. आकडा बारीक वाटतो, पण अनुस्वार देताना आपण पेन टेकवत नाही, टिचकी मारतो. ८ वर आणलं. हलके अनुस्वार परत आले, सगळे नाही.

दुसरी चाळणी जास्त गमतीची, कारण ती कधी अडवायची, कधी सोडायची. घाईत लिहिलेल्या वाक्यांत सगळे अनुस्वार जागेवर; आकडा लिहून, क्षणभर विचार करून, मग दिलेलं दशांशचिन्ह मात्र गायब. पेनाने टिचकी मारली की अवजारांची तरंगती पेटी उघडावी, म्हणून मीच एक सोय सुरू केली होती. ती सोय ठरावीक वेळेपेक्षा आणि लांबीपेक्षा लहान फटकारा लिखाण मानत नाही, टिचकी मानते. फक्त आधीच्या फटकाऱ्याला लागून लगेच आला असेल तर त्याला सोडून देते. म्हणून शब्दाच्या ओघातला अनुस्वार वाचायचा आणि थबकून दिलेलं टिंब मरायचं. सोय करणाऱ्यांनी विचार नीट केला आहे, ती मुळात बंदच असते. आपल्या लिपीत मात्र टिंबांची गर्दी असते. बंद केली. पेटी आता पेनाच्या बटणावर.

यानंतर पान भरून नुसते दशांश लिहिले आणि फाइल उलगडून तपासली. एकही टिंब गळलं नाही.

२८ जून

थ्रेशोल्ड खाली आणण्याची किंमत आज दिसली. पेन उचलताना हात पुढच्या अक्षराकडे निघालेला असतो. मर्यादा ८ असल्यामुळे जवळजवळ हवेत असलेलं पेनही लिहितं. कान्याच्या टोकाला शेपटं वाढली. 'र' ला तर पायात काही तरी अडकल्यासारखं दिसायचं. २७ ला टिंबं जातात, ८ ला शेपटं येतात. १५ वर तडजोड केली, पण दोन्हीकडे थोडंथोडं नुकसान होतंच.

खरा उपाय पृष्ठभागात निघाला. टॅबलेटचं प्लॅस्टिक गुळगुळीत, पेन घसरतं, म्हणून ते उचलायच्या आधीच हात सुटतो. छपाईचा साधा कोरा कागद टॅबलेटवर चारही कडांना चिकटपट्टीने ताणून लावला. कागदातून चुंबकीय क्षेत्र आरपार जातं, मोजमापात फरक पडत नाही. खरखरीमुळे हात मंदावला, शेपटं बरीच गेली आणि आज पहिल्यांदा 'श' मनासारखा आला. थ्रेशोल्ड पुन्हा १० वर नेता आला.

कागद निब खातो, हे आधीच सांगते. प्लॅस्टिकवर महिनोन्‌महिने टिकणारी निब कागदावर भराभर झिजते, एका बाजूने सपाट होते, आणि त्या सपाटीला धार आली की कागद फाटतो. कागद लावलेला असतो म्हणून फक्त कागदच फाटतो. तीच निब उघड्या टॅबलेटवर फिरवली तर ओरखडे कायमचे. जास्तीच्या निब आधीच मागवून ठेवाव्यात आणि निब अधूनमधून बोटांत किंचित फिरवून बसवावी म्हणजे झीज सगळीकडून होते. नमद्याची, म्हणजे फेल्टची निबही मिळते, ती कागदाशिवायच खरखरीत लागते. मला बरी वाटली, पण तीही लवकर झिजते, आणि कागद काय, कधीही बदलता येतो.

३ जुलै

विंडोजच्या लॅपटॉपवर तेच पान. अक्षरं पायऱ्यापायऱ्यांची, वर्तुळं बहुभुज. ड्रायव्हरमध्ये 'विंडोज इंक वापरा' ही खूण निघालेली होती (विंडोज इंक म्हणजे विंडोजची स्वतःची पेनाची सोय). ती नसली की बऱ्याच सॉफ्टवेअरना पेन हे पेन न दिसता माउस दिसतं, दाब मिळत नाही आणि जागा पूर्ण पिक्सेलमध्येच कळते. टॅबलेट मिलिमीटरमध्ये शंभर रेषा मोजतो. १५२ मिमीत १५२०० मापं. पडद्यावर पिक्सेल १९२०. म्हणजे दर पिक्सेलमागच्या जवळजवळ आठ मापांतलं एकच उरत होतं, बाकीची फेकून दिली जात होती. खूण परत केली, पायऱ्या गेल्या.

पण विंडोज इंकबरोबर एक पाहुणा येतो: पेन टेकवून धरलं की भोवती एक कडं उमटतं आणि राइट-क्लिक होतं. ते होणार की नाही हे ठरेपर्यंत विंडोज रेघेची सुरुवात अडवून धरतं, त्यामुळे हळू सुरू केलेल्या वळणाचा पहिला तुकडा सरळ येतो. 'दाबून धरल्यावर राइट-क्लिक' बंद करावं. टॅबलेटला बोटांचा स्पर्शही कळत असेल तर तोही बंद.

५ जुलै

ब्राउझरमधल्या एका फळ्यावर लिहून बघितलं, कारण काही वर्ग तिथे होतात. हळू लिहिलं तर ठीक, वेगाने लिहिलं की 'ठ' चे कोपरे दिसतात. ब्राउझर पेनाची हालचाल पडद्याच्या दर फ्रेमला एकदा कळवतो, म्हणजे नेहमीच्या पडद्यावर सेकंदाला ६० बिंदू. टॅबलेट त्याच्या दुपटीहून जास्त वेळा जागा सांगत असतो. मधले बिंदू हरवत नाहीत, ब्राउझरकडे एकत्र साठलेले असतात, पण ते मागून घ्यायचं काम फळा बनवणाऱ्याचं. त्याने ते केलं नसेल तर आपल्या हातात काहीच नाही. भराभर गोल गोल स्प्रिंग काढून बघायची. कोपरे दिसले तर तिथे टिपणं लिहायच्या फंदात पडू नये. मी आता झर्नल++ उघडून तोच पडदा दाखवते.

१० जुलै

शिरोरेषा. शब्द पूर्ण करून मग डावीकडून उजवीकडे एकदम रेघ ओढायची माझी जन्माची सवय. कागदावर डोळा आणि हात एकाच जागी असतात. इथे डोळा पडद्यावर, हात टेबलावर. शब्दाच्या सुरुवातीला परत येताना पेन नेमकं कुठे टेकेल ते कळत नाही आणि रेघ अक्षरांच्या डोक्यावरून तरंगत जाते, नाहीतर त्यांना मधोमध चिरते. लांब शब्दांवर तर ती मनगटाच्या कमानीने वाकते.

पट्टीचं अवजार वापरून सरळ शिरोरेषा देऊन बघितल्या. पान छापील दिसू लागलं, पण प्रत्येक शब्दाला अवजार बदलायचं म्हणजे लिहिण्यापेक्षा बटणंच जास्त. सोडून दिलं.

तीन गोष्टींनी जमलं. एक, कर्सर मोठ्या पेनाच्या चित्राऐवजी बारीक ठिपका केला. दोन, पेन पूर्ण उचलायचं नाही. टॅबलेटच्या वर सेंटिमीटरभरापर्यंत ते 'दिसत' राहतं, तेवढ्या उंचीवरूनच मागे आणायचं, म्हणजे ठिपका पडद्यावर दिसत राहतो आणि नेम धरता येतो. तीन, शिरोरेषा अख्ख्या शब्दावर न देता दोन-तीन अक्षरांमागे तोडून द्यायची. 'गुरुत्वाकर्षण' वर ती तीन तुकड्यांत येते. वाचणाऱ्याला जोड दिसत नाहीत.

पान म्हणून दुरेघी ओळींची पीडीएफ बनवून मागे लावली. सॉफ्टवेअरच्या एकेरी ओळींवर अक्षर बसवायला गेलं की उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. दोन रेघांमध्ये ४ मिमी आणि पुढच्या जोडीपर्यंत ८ मिमी मोकळं सोडलं.

१४ जुलै

एका मैत्रिणीचा मधल्या मापाचा टॅबलेट उसना आणला. लिहायची जागा २१६ × १३५ मिमी. पुन्हा तोच हिशेब: ५३१ भागिले २१६ म्हणजे २.४६, झूम २५० टक्के, म्हणजे पानावरचं प्रमाण १ ला ०.९८. हात जेवढा हलेल तेवढंच अक्षर, कागदासारखं. ए-४ ची ओळ पूर्ण दिसते आणि खरंच २१ सेंटिमीटर लांब लिहावी लागते.

अक्षर पहिल्या ओळीपासून माझं होतं. काही सेटिंग बदलायची गरजच वाटली नाही. थरथरही कमी, गाठीही उघड्या. टॅबलेट घ्यायचा असेल तर दाबाच्या पातळ्या बघू नका, ज्या पानावर लिहिणार त्याच्या रुंदीएवढी लिहायची जागा आहे का ते बघा. छोटा आधीच घेतलेला असेल, माझ्यासारखा, तर १ ला १.४ वर वरच्या सगळ्या खटपटीनंतर अक्षर चांगलं येतं, पण खटपट करावी लागते. मोठ्यावर एक त्रास: ओळीच्या शेवटी कोपर सरकवावं लागतं. छोट्यावर मनगटानेच भागतं, दोन तास सलग लिहायचं असेल तर ते बरं पडतं.

टॅबलेट परत केला. काम छोट्यावरच पुढे.

१९ जुलै

पहिलं प्रकरण पूर्ण. पीडीएफ झर्नल++ मधूनच काढली, रेघा रेघाच राहतात, कितीही मोठं केलं तरी फाटत नाहीत. वाटताना फाइल म्हणूनच पाठवावी. पानांची चित्रं करून पाठवली तर निरोपाची ॲप ती आवळतात आणि गाठी पुन्हा भरून येतात, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

राहिलं एक. ड्रायव्हरची ही सेटिंग टॅबलेटची केबल काढली की जातात, संगणक झोपून उठला तरी कधीकधी जातात. एरिया, थ्रेशोल्ड आणि रॉ-सँपल या तिन्हींच्या आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ती एका कळीवर बांधली. लिहायला बसलं की आधी ती कळ, मग झाकणाभोवती एक वर्तुळ. गोल आलं की सुरू. वेलँड, म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था, तिच्या सेशनमध्ये या आज्ञा चालत नाहीत. तिथे डेस्कटॉपच्या टॅबलेट सेटिंगमध्ये पडदा निवडणं, प्रमाण राखणं आणि दाबाचा कडक-मऊपणा एवढं मिळतं, पण रॉ-सँपलचं बटण सापडलं नाही. म्हणून लिहायला बसताना लॉग-इनच्या वेळी एक्स सेशन निवडते.